मिश्रणांची फोड : खळ्यापासून क्षारपड रानापर्यंत

खळ्यावर वावडी मांडून, वाऱ्याचा रोख पाहून, पाटीतील मळलेला माल हळूहळू खाली सोडणारा शेतकरी एक शास्त्रीय क्रिया करीत असतो. दाणा जड असल्यामुळे तो वावडीच्या पायथ्याशी पडून रास होते, आणि भूस हलके असल्यामुळे वारा ते दूर नेऊन टाकतो. वारा पडला की काम थांबते. दाणा व भूस तेच असतात, त्यांच्या वजनातील फरकही तोच असतो. पण तो फरक उपयोगात आणणारा वाहक नाहीसा झालेला असतो. आज बहुतेक ठिकाणी मळणीयंत्राचा पंखा हेच काम करतो. पंख्याचा वेग गरजेपेक्षा अधिक ठेवला तर भुसाबरोबर चांगला दाणाही उडून जातो, हे यंत्र चालविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

शाळेतील रसायनशास्त्राच्या पुस्तकात मिश्रणे वेगळी करण्याचा एक धडा असतो. गाळणे, निवळणे, बाष्पीभवन, स्फटिकीकरण, ऊर्ध्वपातन अशी नावे त्यात येतात. नावे भारदस्त असली तरी क्रिया आपल्या घरातील व शेतातीलच आहेत. दोन वा अधिक पदार्थ एकत्र असूनही प्रत्येकाने आपला मूळ गुण सोडलेला नसतो, तेव्हा त्यास मिश्रण म्हणतात. पाण्यात मीठ विरघळले तरी त्याचा खारटपणा कायम राहतो व पाणी आटविले की मीठ परत मिळते; म्हणून ते मिश्रण होय. मात्र खुद्द मीठ हे सोडियम व क्लोरीन ह्यांचे संयुग आहे. ते चाळून, गाळून वा आटवून ह्या दोहोंत फोडता येत नाही.

मिश्रण फोडावयाचे झाल्यास दोन प्रश्न विचारावे लागतात. त्यातील घटक कोणत्या गुणात एकमेकांहून भिन्न आहेत, हा पहिला. क्रिया पुरी झाल्यावर काय निघून गेले व काय मागे राहिले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने देत आले आहेत. दुसऱ्याकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि त्यायोगे बियाणे, पिण्याचे पाणी व जमीन ह्या तिहींची हानी झालेली आढळते. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः हा दुसरा प्रश्न आहे.

चाळण जेथे थांबते

चाळण आकार पाहते, सूप वजन व आकार दोन्ही पाहते. तांदूळ पाण्यात रोळताना दाणा पाण्याबरोबर पुढे सरकतो व खडा तळाशी बसतो. तेथे घनता काम करते. परंतु दोन पदार्थांचा आकार सारखा असेल, तर जगातील उत्तमातील उत्तम चाळणही निरुपयोगी ठरते. मोहरी व पिवळा धोतरा ह्यांची बी आकाराने जवळजवळ सारखी असतात. धोतऱ्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळून पोटात गेले, तर अंगावर सूज येते व हृदयावर परिणाम होऊन माणूस दगावतो. 1998 साली दिल्लीत अशा तेलामुळे मोठी साथ उद्‌भवली व अनेकांना प्राण गमवावे लागले. धोतरा शेतातच, बोंडे पिकण्यापूर्वी, उपटून काढला असता तर तो मालात येताच ना. जे मिश्रण मागाहून फोडणे कठीण, ते होऊच न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

बाजरीवरील अरगट रोगाची गोष्ट थोडी निराळी आहे. ह्यास कित्येक भागांत चिकटा म्हणतात. पीक फुलोऱ्यात असताना कणसावर मधासारखा चिकट स्राव दिसू लागतो, आणि पुढे दाण्यांच्या जागी गर्द तपकिरी, काळपट अशा बुरशीच्या गाठी तयार होतात. 1956 च्या सुमारास त्या वेळच्या मुंबई राज्यात हा रोग जोरात आला होता. अरगटमिश्रित बाजरी खाल्ल्याने मळमळ, ओकाऱ्या, चक्कर व गुंगी अशी लक्षणे उद्‌भवतात. 1975 साली राजस्थानातील काही खेड्यांत अशी विषबाधा झाल्याची नोंद आहे.

ह्या गाठींपैकी कित्येक दाण्याएवढ्याच असल्याने चाळणीने त्या पूर्णपणे निघत नाहीत. निवडून काढाव्या तर पायलीभर बियाण्यास दिवस पुरत नाही. पण गाठ दाण्याहून हलकी असते. साध्या पाण्यात हा फरक पुरेसा प्रकट होत नाही, कारण दाणा व गाठ दोन्ही पाण्याहून जड असू शकतात व दोन्ही बुडतात. पाणीच जड केले तर? दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळविले असता त्या द्रावणाची घनता साध्या पाण्याच्या सुमारे 1.12 पट होते. मग भरलेला दाणा तळाशी जातो, आणि अरगटाच्या गाठी, पोचट दाणे व काडीकचरा वर तरंगतो.

कृती अशी करावी. प्लास्टिकच्या टोपात किंवा लाकडी पिंपात द्रावण तयार करून मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. मीठ ओलसर वा हलक्या प्रतीचे असल्यास द्रावण कमजोर होते. खात्री करण्यासाठी त्यात कोंबडीचे एक ताजे अंडे सोडून पाहावे; योग्य द्रावणात ते तरंगते. बी थोडे थोडे सोडून ढवळावे व वर आलेला भाग झाऱ्याने काढून घ्यावा. तळचे बी बाहेर काढून स्वच्छ पाण्याने दोनतीन वेळा धुवावे व सावलीत वाळवावे. धुण्यात आळस केल्यास बियाण्यास चिकटलेले मीठच उगवण कमी करते. म्हणजे आपण रोग काढला खरा, पण मीठ मागे ठेवले.

वर काढलेल्या भागाचे काय करावयाचे? तो उकिरड्यावर टाकणे किंवा कोंबड्यांस घालणे दोन्ही घातक. तो जाळावा किंवा खोल पुरावा. कंपनीकडून औषध लावून आलेले रंगीत बियाणे मात्र मिठाच्या पाण्यात घालू नये, कारण गाठीऐवजी औषधच धुऊन निघते. ही रीत घरच्या बियाण्यासाठी आहे.

भाताच्या बियाण्यासही हाच न्याय लागू आहे. तेथे अर्धवट भरलेले दाणे वेगळे काढावयाचे असल्याने द्रावण पातळ चालते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ पुरे. बाजरीचे प्रमाण भाताला वापरले तर बरेच चांगले बीही वर येईल, आणि भाताचे प्रमाण बाजरीला वापरले तर अरगट तळाशी बसेल.

पाणी : दिसणारे आणि न दिसणारे

पावसाळ्यात ओढ्याचे वा तळ्याचे पाणी रात्रभर भांड्यात ठेवले तर वाळू व जाड गाळ तळाशी बसतो, पण पाणी गढूळच राहते. चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म असून त्यांवर ऋण विद्युत्‌भार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात व एकत्र येऊन जड होत नाहीत. तुरटी फिरविली की तिच्यातील ॲल्युमिनियम हा भार नाहीसा करते, कणांच्या गुठळ्या होतात व त्या खाली बसतात. आपल्याकडे निवळीचे बी घासून पाण्यात घालण्याची फार जुनी पद्धत आहे. त्या झाडाचे नावच त्याच्या कामावरून पडले आहे. शेवग्याच्या बियांच्या भुकटीतही हा गुण आढळतो.

निवळलेले पाणी फडक्यातून गाळण्याची सवय सामान्य वाटते, पण तिच्या बळावर ह्या देशातून एक रोग हद्दपार झाला आहे. नारूची अळी पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवाच्या पोटात असते. हा जीव दाट विणीच्या कापडातून जाऊ शकत नाही. पाणी गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसविणे व रुग्णास पाण्यात उतरू न देणे, एवढ्या उपायांनी काम भागले. त्यासाठी लस नव्हती, औषधही नव्हते. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. त्या काळी वस्त्यावस्त्यांतून गाळणीचे कापड वाटीत फिरलेल्या कार्यकर्त्यांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही.

परंतु कापडाची शक्ती तेथेच संपते. पटकी, विषमज्वर, कावीळ ह्यांचे जंतू कापडाच्या छिद्रांच्या मानाने इतके सूक्ष्म असतात की ते सहज पलीकडे जातात. त्यासाठी पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध घालावे. ते निवळल्यानंतर घालावे, आधी नव्हे. गढूळ पाण्यात औषधाचे बळ गाळावरच खर्ची पडते.

विरघळलेल्या क्षारांपुढे मात्र उकळणेही निरुपयोगी आहे. खतांच्या अतिवापराने किंवा उकिरड्याच्या झिरप्याने विहिरीत नायट्रेट उतरले असेल, अथवा खडकातून फ्लोराइड आले असेल, तर ते डोळ्यांना दिसत नाही, कापडात अडकत नाही व जिभेलाही बहुधा कळत नाही. असे पाणी उकळले की वाफ निघून जाते व क्षार मागे राहतो. उरलेले पाणी पहिल्यापेक्षा अधिक तीव्र होते. लहान मुलास “उकळून” म्हणून दिलेले नायट्रेटयुक्त पाणी न उकळलेल्यापेक्षा अधिक अपायकारक ठरू शकते. ही गोष्ट ग्रामकार्यकर्त्यांनी मातांना स्पष्ट सांगितली पाहिजे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इत्यादी जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडचा उपद्रव आहे. तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर प्रमाणात घालून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली. तिचे प्रमाण मात्र पाण्याच्या तपासणीवरून ठरते, अंदाजाने नव्हे.

उष्णतेची कामगिरी

जेथे घटक विरघळलेले असतात तेथे उष्णतेचा आश्रय घ्यावा लागतो. रायगड, ठाणे, पालघर ह्या जिल्ह्यांतील मिठागरांत ते काम सूर्य करतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, पण ते सर्व खाण्याचे मीठ नव्हे. पाणी आटत जाते तसे मिठाच्या आधी जिप्सम खाली बसते, नंतर मिठाचे स्फटिक धरू लागतात, आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. म्हणून कुशल मिठागरवाला सर्व पाणी आटू देत नाही. वेळ साधून उरलेले कडू पाणी तो सोडून देतो. ते आटू दिले तर मीठ कडवट होते व हवेतील ओल शोषून पाझरते.

गुऱ्हाळावरही अशीच वेळ साधावी लागते. रस तापू लागला की त्यातील प्रथिने व इतर अशुद्ध द्रव्ये गोठून वर येतात. रानभेंडीचे चिकट पाणी त्यांना एकत्र बांधते व ती मळी झाऱ्याने काढता येते. भेंडी उशिरा घातली, रसाला जोराची उकळी फुटली, की मळी पुन्हा रसात मिसळते व गूळ काळपट होतो. त्यानंतर पाणी आटविणे उरते. काकवी 105 ते 106 अंश सेल्सिअसच्या सुमारास उतरवितात, गुळाला 118 अंशांच्या आसपास जावे लागते. साखर कारखान्यात आणखी एक पायरी आहे. तेथे साखरेचे स्फटिक व भोवतालचा घट्ट पाक जाळीच्या फिरत्या पात्रात घालून अतिवेगाने फिरवितात. स्फटिक जाळीत अडकतात व पाक बाहेर फेकला जातो. ह्या पाकालाही आपण मळीच म्हणतो. गुऱ्हाळाची मळी व कारखान्याची मळी ह्यांत नावाखेरीज फारसे साम्य नाही, आणि नवख्या माणसाचा ह्याने हमखास घोटाळा होतो.

दुधातून साय वेगळी काढणारे यंत्रही ह्याच तत्त्वावर चालते, आणि ताक घुसळून लोणी काढणे ही त्याहून कितीतरी जुनी रीत होय. रोशा गवताचे तेल काढताना पाण्याची वाफ गवतातून सोडतात. वाफेबरोबर तेलही येते, आणि दोन्ही थंड झाल्यावर तेल पाण्यावर तरंगते. एकेकाळी खानदेशातील हे तेल मुंबईमार्गे परदेशी जात असे.

शेतातील मिठागर

मिठागरात पाणी उडून मीठ राहते, हे आपणास नवल वाटत नाही. तीच क्रिया बागायती रानात दररोज चाललेली असते. कालव्याचे वा विहिरीचे पाणी कितीही गोड लागले तरी त्यात थोडे क्षार असतातच. पाणी पिकाच्या पानांतून व जमिनीच्या पृष्ठावरून वाफ होऊन जाते, आणि क्षार जमिनीतच राहतात.

हिशेब करून पाहावा. एका हेक्टरावर 10 सेंटिमीटर पाणी दिले म्हणजे दहा लक्ष लिटर पाणी झाले. पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असतील (असे पाणी पिण्यास कोणी खारट म्हणणार नाही), तर त्या एका पाळीत 500 किलो क्षार शेतात आले. उसाला पाटाने वर्षभरात एकूण 200 सेंटिमीटर पाणी दिल्यास दहा टन होतात. बैलगाडीने दहा टन मीठ कोणी रानात आणू लागला तर घरचे त्यास वेड्यात काढतील. पाटाने येते तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही.

खाली उत्तम निचरा असेल तर ह्यातील बराचसा भाग पावसाच्या व जादा पाण्याबरोबर झिरपून निघून जातो. भारी काळ्या जमिनीत, आणि त्यातही सखल रानात, हा मार्ग बंद असतो. जादा पाण्याने भूजलाची पातळी वर चढते, उन्हाने ते पृष्ठाशी ओढले जाते व उडून जाते, आणि एके वर्षी वाफ्यावर पांढरी खपली दिसू लागते. दख्खनमधील कालव्यांच्या प्रदेशांत हा अनुभव नवा नाही. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी 1885 च्या सुमारास सुरू झाले, आणि पुढच्या काही दशकांत अतिपाण्याने जमिनी बिघडण्याचा प्रश्न तेथे उभा राहिला. आज सांगली, कोल्हापूरकडील नदीकाठची कित्येक उत्तम रानेही ह्याच कारणाने पडून आहेत.

पांढरी खपली दिसताच जमीन धुऊन काढावी, असे पुष्कळ जण म्हणतात. ही सूचना अर्धीच बरोबर आहे व अर्ध्या सूचनेने नुकसान होते. बिघडलेल्या जमिनी दोन प्रकारच्या असतात. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार अधिक असतात. तपासणीत तिची विद्युतवाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त येते. चोपण जमिनीत विरघळलेले क्षार कमी असतील, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो व सामू 8.5 च्या वर असतो. अशा जमिनीत कण विखुरतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही. ओली असता चिखल व वाळली की दगड, अशी तिची तऱ्हा होते.

ग्रामकार्यकर्त्यांनी एक सोपा प्रयोग गावच्या चावडीत करून दाखवावा. काचेच्या पारदर्शक बाटलीत मूठभर माती घेऊन तीत पावसाचे साठविलेले पाणी भरावे, खूप हलवावे व ठेवून द्यावे. मिनिटभरात वाळू बसते, काही तासांत पोयटा बसतो. खारवट जमिनीतील क्षार तुरटीप्रमाणे चिकणमातीच्या गुठळ्या करतात, म्हणून वरचे पाणी लवकर निवळते. चोपण जमिनीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहते. अशा दुसऱ्या बाटलीत चमचाभर जिप्समची भुकटी घालून हलवावे. तिच्यातील पाणी निवळू लागले की कॅल्शियम काय करतो हे निराळे सांगावे लागत नाही. हा प्रयोग समजूत पटविण्यासाठी आहे. जिप्समचे हेक्टरी प्रमाण प्रयोगशाळेच्या अहवालावरूनच ठरवावे.

आता दुसरा प्रश्न पुन्हा विचारावा. जमीन नुसत्या पाण्याने धुतली तर काय गेले व काय राहिले? विरघळणारे क्षार गेले. खारवट जमिनीस तेवढे पुरते. पण जमीन खारवट व चोपण अशी दोन्ही असेल, तर कणांना चिकटलेला सोडियम मागे राहिला आणि त्या कणांच्या गुठळ्या टिकवून धरणारे क्षार निघून गेले. अशी जमीन धुतल्यावर अधिकच बिघडते. तेथे आधी जिप्सम मिसळावे लागते. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्यात विरघळतो, आणि मग ते पाणी बाहेर काढावयाचे असते. मातीचा नमुना पृष्ठाचा व खोलीचा असा वेगवेगळा घेऊन आधी तपासून घ्यावा, असा आग्रह धरण्याचे कारण हेच.

पाणी बाहेर काढावयाचे म्हणजे त्यास वाट हवी. चर नसेल तर धुण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार थोडे खाली जातात व उन्हाळ्यात पुन्हा वर येतात. उघडे चर स्वस्त असतात, पण जमीन अडवितात व दरवर्षी उकरावे लागतात. छिद्रे असलेल्या नळ्या जमिनीखाली घालून केलेला निचरा महाग असतो, परंतु वर पीक घेता येते. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र असून क्षारपड जमिनींच्या प्रश्नावर तेथे काम झालेले आहे. त्या भागातील शेतकऱ्यांनी तेथील सल्ला घ्यावा. विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकताही तपासून घ्यावी. एक डेसीसायमन प्रति मीटर म्हणजे लिटरला अंदाजे 640 मिलिग्रॅम क्षार, एवढे ध्यानात ठेवले की वरील हिशेब प्रत्येकास आपल्या रानापुरता मांडता येतो. ठिबकने पाणी कमी लागते व त्या मानाने क्षारही कमी येतात, तथापि ओलाव्याच्या कडेला ते साचतातच आणि पहिल्या पावसात मुळांकडे सरकतात.

निचऱ्याचे काम एकट्या शेतकऱ्याच्या हातचे क्वचितच असते. वरच्या शेताचे क्षार घेऊन निघालेले पाणी खालच्या शेताच्या बांधाशी सोडले तर रान बदलते, क्षार बदलत नाहीत. म्हणून चराची आखणी नाल्यापर्यंत, सर्व गटधारकांस एकत्र बसवून, पावसाळ्यापूर्वी झाली पाहिजे. नाल्याच्या खालच्या अंगास कोणाची पिण्याची विहीर असल्यास आखणीच्या वेळीच तिची नोंद घ्यावी आणि चर सुरू होण्याआधी व नंतर तिच्या पाण्याचे नमुने तपासणीस पाठवावेत.